स्थिर चित्र

"मान हलव. ऐकू येत असेल तर नुसती मान हलव."

पृथ्वीवरच्या नियंत्रणकक्षात कॅमेऱ्याची इंजिनिअर माइकमध्ये पुन्हा बोलली. पडद्यावरचं चित्र तसूभरही हललं नाही. अंतराळस्थानकाची पांढरी भिंत, पलीकडे काळोख. हा कॅमेरा तिने बनवला होता, आणि तो ज्या हेल्मेटवर बसवला होता, त्यात तिच्या नणंदेचं डोकं होतं.

स्थानक थंड ठेवणारी नळी बदलायला नणंद बाहेर गेली होती; तिचा सोबती दाराशी थांबला होता, तिथून ती दिसत नव्हती. मध्येच तिचा आवाज बंद पडला, नाडीचे आकडेही गेले. तिला इथलं ऐकू येतंय की ती बेशुद्ध पडलीय, कळायला मार्ग नव्हता. हात कामात गुंतलेले असणार, म्हणून मानेचं सुचलं होतं. नळी आज बदलली नाही तर स्थानक रिकामं करावं लागणार होतं.

"बस झालं," मोहीमप्रमुख म्हणाले. "तिच्या सोबत्याला सांगा, तिला आत ओढून घे. काम रद्द."

"सर, जरा थांबा."

"कशासाठी? पुतळा झालाय तिचा. दिसतंय ना तुम्हाला?"

नाही, नाही, म्हणत इंजिनिअर स्वतःशीच मान हलवत राहिली. हेडफोनची वायर गालावर घासली, आणि ती थबकली. डोकं हललं की हेडफोन हलतो. हेल्मेट नाही. ते पोशाखाच्या खांद्यांना घट्ट जखडलेलं. डोकं आतल्या आत फिरतं. चित्र हलू नये म्हणून कॅमेरा तिथेच हवा, हा हट्टही तिचाच.

"मान राहू दे," ती माइकमध्ये म्हणाली. "एक हात सोडव आणि कॅमेऱ्यासमोर धर."

चित्राच्या खालच्या कडेवरून जाडजूड हातमोजा वर आला. त्याच्या मुठीत पाना होता. तो पाना ऐटीत नाचला.

"काम चालू ठेवा," प्रमुख म्हणाले.

पुढचं सगळं बोटांवर चाललं. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नवी नळी बसली. स्थानकाचं तापमान उतरू लागलं तसा खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. इंजिनिअर डोळे पुसत हसत होती.

नणंद आत परतली. हेल्मेट उतरलं आणि स्थानकातल्या माइकवरून तिचा आवाज आला.

"वहिनी, जन्मात पहिल्यांदा तुझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली, आणि नेमकं तेच तुला दिसलं नाही."