बंदीचे महिने

तपासून झाल्यावर भिका शर्टाची बटणं लावत होता, तेव्हा त्याची बायको बायडी हळूच म्हणाली, "डॉक्टर, बंदी कधी उठवनार?"

"कसली बंदी?"

"कॅन्सरचं आतडं कापलंत, तवापासून हे ओट्यावर निजतात. बायकोजवळ निजायला डॉक्टरांनी बंदी केलीय, म्हनतात. आमी मुरब्याचे, होडीवाले. पावसाळ्यात दर्या बंद असतो, तेवढेच महिने मानूस घरात असतो. यंदा ते पन गेले. आता नारळी पुनव आली."

डॉक्टरांनी भिकाकडे पाहिलं. "मी तर असं काही सांगितलं नव्हतं."

भिकाची बटणं लावून झाली होती, तरी त्याची मान वर होईना. मग डॉक्टरांनीच समजावलं. या ऑपरेशनमध्ये कधीकधी नसा दुखावतात, पुरुषाला पूर्वीसारखं जमत नाही. बऱ्याच जणांचं होतं असं. औषधं आहेत, विचारायचं फक्त.

पालघरच्या दवाखान्यातून दोघं घरी आली. आल्या आल्या बायडीनं ओट्यावरची त्याची गोधडी उचलली आणि आत नेऊन आपल्या गोधडीशेजारी अंथरली.

भिका उंबऱ्याबाहेरच थांबला. "माज्याच्यानं आता काय व्हायचं नाय, बायडे."

"नाय झालं तर नाय," ती उशी ठेवत म्हणाली. "तुमी दर्यावर गेलात की वाट बघायची मला सवय हाय. ओट्यावर निजलेल्या मानसाची वाट कशी बघायची?"