वाळूतलं आलं

आमच्या चीनमधल्या फोशानमध्ये बाळंतिणीला काळ्या व्हिनेगरमध्ये शिजवलेलं आलं आणि डुकराचे पाय खाऊ घालतात. माझी लेक लाय-यिंग झाली तेव्हा सासूबाईंनी ते पातेलं चुलीवर चढवलंच नाही. रांजणातल्या वाळूत पुरलेलं टवटवीत आलं दाखवून म्हणाल्या, "मुलीपायी कशाला संपवायचं? नातवाला राहू दे." तेव्हापासून त्या जुनं काढून नवं पुरतात, वाळू ओलसर ठेवतात.

यंदा थंडीतापाने त्यांनी अंथरूण धरलं.

"सूनबाई, जरा आल्याचं पाणी दे गं."

"नातवाचं आहे ना ते, आई? त्याच्या तोंडचं कसं काढू?" मी त्यांचं पांघरूण नीट केलं.



मुलं बंद करायचं ऑपरेशन मी लाय-यिंगच्या पाठोपाठच करून घेतलंय. ते सांगायची मला घाई नाही.