बाहीतल्या तीन घड्या

बाळापुरात पोरांचे सदरे शिवणारी आयशाबी डोंग्यातून नदीतल्या जुन्या किल्ल्याच्या बेटावर उतरली. तिथं शहरातल्या एका चित्रकार मुलीनं उघड्यावर बुजगावण्यांचं प्रदर्शन मांडलं होतं. प्रत्येकाच्या अंगात गावोगाव मागून आणलेला जुना कपडा. एका निळ्या सदऱ्यापुढं आयशाबीचे पाय थबकले. शिवण तिचीच होती. वाढत्या पोरांच्या बाह्यांत ती तीन घड्या राखायची. आईनं दरसाल एक उसवायची. हा सदरा कौशल्याच्या नितेशचा. शिवला त्याच हंगामात, एकही घडी उसवायच्या आधी, पोरगं पऱ्हाटीवरल्या फवारणीच्या विषानं गेलं. तिनं बाही चाचपली. तिन्ही घड्या उसवलेल्या होत्या. धुऊन-धुऊन विटलेल्या बाहीच्या टोकाला तीन पट्टे, एकापेक्षा एक गडद. “हा कोनं देल्ला, बेटी?” तिनं कसंबसं विचारलं. “त्याच्या आईनं,” मुलगी सहज बोलली. “म्हणाल्या, ‘घेऊन जा, पोराले आता तोकडा होऊन राह्यला.’”