खरी तारीख

डोळे फसवतात, तर्क फसवत नाही, असं मानणाऱ्या बुद्धिवादी साक्षीनं मोतीबिंदू शिबिराच्या नावनोंदणीचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात एक नियम घातला: एकाच गावातली चाळीस माणसं एकाच तारखेला जन्मूच शकत नाहीत, अशा नोंदी खोट्या, म्हणून रद्द.

शिबिराच्या सकाळी कुंभार पिंपळगावाहून वडिलांचा फोन आला. "साक्षे, आमचं कोणाचंच नाव न्हाई म्हणून राह्यले. शाळेत मास्तरानं समद्यांचाच जन्म एक जूनचा लिवला व्हता ना! अन् मला तर आता ताटातली भाकर दिसंना."

नोंदणी बंद व्हायला दहाच मिनिटं उरलेली. तिनं घाईघाईनं त्यांची नोंद उघडली. "आबा, तुमची खरी तारीख सांगा, जल्दी!"



"ज्वारी हुरड्यात आल्ती, म्हणायची माय. तेवढं लिव्ह की."