वाफेचं पाणी

"हिनं बाटलीत दारू भरली, साहेब! मोहाची दारू!"

केवळराम मिस्तरी एवढ्या मोठ्यानं ओरडला, की नवेगावच्या तलावावरची बदकं उडाली. त्याच्या हातात बॅटरीच्या पाण्याची बाटली होती. बूच काढताच मोहाचा वास त्याच्या नाकात शिरला होता. समोर मंगली उभी होती, डोक्यावर भरला हंडा घेऊन. जवळच्या गोंडटोल्यावरची, गोंडांच्या वस्तीतली ही बाई साहेबांच्या तळावर पाणी भरायची, झाडलोट करायची. उन्हाळाभर तिच्या घरची चूल याच कामावर पेटणार होती.

साहेब गाडीतून उतरले. नागपूरचे निवृत्त इंजिनियर, मोठा हौशी माणूस. महायुद्धानंतर लिलावात निघालेली लष्करी गाडी घेऊन त्यांनी तिचं चाकांवरचं घर केलं होतं. झोपायला दोन बाकं, दिवा, पंखा, रेडिओ. या सगळ्याचा जीव बाकाखालच्या दोन बॅटऱ्यांत. रोज इंजीन चालवून त्या भरायच्या, एकेक बूच काढून आत डोकावायचं, पाणी उतरलेलं दिसलं की बाटलीतलं घालायचं. एवढ्यासाठी त्यांनी गोंदियाहून केवळरामला आणलं होतं. हंगाम नीट पार पडला तर कायमचा ठेवतो, असा शब्दही दिला होता.

"काल पंखा काऊन बसला? याच्यानंच, साहेब," केवळराम म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पंखा का बसला असेल, हे त्याचं त्याला चांगलं माहीत होतं. इकडं येताना कोहमाऱ्याच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा बाटली आडवी झाली. बूच घट्ट लावायला तोच विसरला होता. थेंब राहिला नाही. तिथंच सांगितलं असतं, तर साहेबांनी चार शब्द सुनावले असते आणि गोंदियाला माणूस धाडला असता. पण वाटभर ज्यानं स्वतःच्या कामाच्या बढाया मारल्या, त्याची जीभ उचलेना. मग दोन दिवस तो झुंजूमुंजू व्हायच्या आत तलावावर गेला, बाटली भरली आणि तेच गढूळ पाणी बॅटरीत घातलं. कोणी पाहिलं नाही, याची तेवढी खात्री करून घेतली. आणि आता हा मोहाचा वास! बुडत्याला काडी सापडली होती.

"दारू नोहोय," मंगली म्हणाली. "पानी होय. वाफेचं."

केवळरामला आठवलं. पहिल्याच दिवशी तिनं त्याला विचारलं होतं, एवढा तलाव भरला असताना बॅटरीले बाटलीतलंच पानी कायले? तेव्हा त्यानं ऐटीत समजावलं होतं. साधं पाणी चालत नाही. पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, थेंब थेंब गोळा करायचं. "म्हंजे आमी मोहाची काढतो तसंच मंग," ती म्हणाली होती. तो पोट धरून हसला होता. "कुठं तुही भट्टी, कुठं हे सायन्स!"

साहेबांनी बाटली घेतली. हुंगली. तळहातावर थोडं पाणी घेऊन चोळलं. मग बाहेरच्या चुलीपाशी गेले आणि निखाऱ्यांवर एक धार सोडली. भडका उडाला नाही. फस्स झालं आणि निखारे काळे पडले.

"पाणीच आहे हे," साहेब म्हणाले. "भट्टीच्या मडक्याचा वास लागलाय, इतकंच. कमाल आहे!" ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. "पण बाटलीत मी दिलेलं पाणी होतं. ते कुठं गेलं?"

केवळरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं खाली मान घातली. मंगलीनं हंडा उतरवला. एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"सांडलं, साहेब. माह्या हातानं. म्हून हे काढून आनलं."

"त्या बाटलीला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं ना तुला? आता उद्यापासून येऊ नकोस."

मंगलीनं हंडा रांजणात रिकामा केला, उपडा घातला आणि ती निघाली.

केवळराम उभाच राहिला. तिच्या हातून काहीच सांडलं नव्हतं, मग ही असं का बोलली? 'सांडलं ते माझ्या हातून,' एवढंच म्हणायचं होतं. एवढेही शब्द त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "वास बरोबर ओळखलास हं मिस्तरी. लक्ष असतं तुझं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

साहेब गाडीत चढले तसा तो धावत सुटला. मंगली बांधावरून टोल्याच्या वाटेला लागली होती.

"मंगलीबाई!"

ती वळली. तो धापा टाकत समोर उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. बाटली अजून त्याच्या हातातच होती. तिनं बाटलीकडं पाहिलं. एवढ्यासाठीच धावत आला असेल, असं तिला वाटलं.

"तलावाचं पानी नोको टाकू आता, मिस्तरीभाऊ," ती म्हणाली. "हे सरलं का टोल्यावर ये. अजून काढून देईन."