भिंगाचा दोष

“माझे केस कुठे गेले?” बाईंनी विचारलं.

फोटोग्राफर पन्नाशीचा. तरी बाई स्टुडिओत शिरताच ताडकन उठून उभा राहिला होता. सातवीत लागलेली सवय. त्याने छापलेला फोटो पाहिला. केस जागच्या जागी होते, छान करडे.

“आहेत की, बाई.”

“हे कुणाचे? माझे जांभळे आहेत.” बाईंनी मान वळवली. खरंच, सगळी टोकं गडद जांभळी. फोटो काढताना त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंकडे सरळ पाहायची हिंमत त्याला अजून होत नसे.

त्याने खुलासा केला. पाठीमागे लख्ख खिडकी असली की भिंगाला सगळे रंग एका जागी धरता येत नाहीत. एखादा कडेने सांडतो, बहुधा जांभळाच. खिडकीच्या गजांना आला होता, तसाच केसांनाही आला असेल म्हणून कॉम्प्युटरवर जांभळं गाळून टाकलं. गज सुधारले, बाईही सुधारल्या.

“गजांचा रंग भिंगाने केला असेल. माझा मी केला. तीन तास पार्लरमध्ये बसून.”

“निवृत्त झाल्यावर?”

“दुसऱ्याच दिवशी. पहिल्या दिवशी पार्लर बंद होतं.”

उद्या हा फोटो शाळेच्या सभागृहात, आधीच्या अकरा मुख्याध्यापकांच्या रांगेत लागायचा होता. अकराही जण असे बघत असत की जणू फोटो काढणाऱ्यानेच शाळेची काच फोडली आहे.

“त्या रांगेत मी करडी टांगली जाणार नाही. लावायची तर अशी लावा, नाहीतर खिळा रिकामा राहू दे.”

तेवढ्यात शाळेच्या अध्यक्षांचा फोन आला. वर्षाच्या सगळ्या वर्गफोटोंचं काम कुणाला द्यायचं, ते हेच ठरवत. आवाज असा, की फोन कानाला लावला काय नि टेबलावर ठेवला काय.

“अहो, परवा पाठवलेल्या नमुन्यात बाईंचे केस जांभळे दिसत होते. भिंगाचा दोष ना तो? काढलात?”

फोटोग्राफरने छापलेला करडा फोटो टेबलावर पालथा ठेवला.

“गजांचा काढला, साहेब. केसांवरचा भिंगाचा दोष नाही.”

“मग कुणाचा?”

“कुणाचाच नाही. बाई तशाच आहेत.”

“बघा हं. वर्गफोटो काढणारे गावात पुष्कळ आहेत.”

“आहेत ना, साहेब. नंबर देऊ?”

फोन पलीकडूनच बंद झाला. फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर दुरुस्त केलेला फोटो उघडला. गजांवरची दुरुस्ती राहू दिली आणि केसांवरची बारीक ब्रशने खोडायला घेतली, एकेक केस. बाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“घाई नको,” त्या म्हणाल्या. “कानामागची बट राहिली.”