फिती बांधणारे काका

लांजीच्या जंगलातल्या ट्रेल रनच्या आदल्या दिवशी बाबांनी धावण्याच्या या स्पर्धेचे नियम मला मोठ्याने वाचून दाखवले. “शिट्टी गळ्यातच ठेव. लाल फीत दिसली तरच वळ. अन् रेस सोडायची असन, त चेकपॉइंटवर सांगून सोड.”

“हौ बाबा! रिटायर झाले, पण फॉरेस्टची ड्युटी काही सुटत नाही तुमची,” मी हसले.

दुसऱ्या दिवशी सगळे शेवटच्या रेषेवर पोचले, मी पोचले नाही. बाबा मला शोधायला जंगलात शिरले आणि भर उन्हात कोसळले, ते कायमचेच.

तेराव्याला मोतीलालकाका आले. बाबांचे जुने सोबती. मार्गावर फिती त्यांनीच बांधल्या होत्या. दारातच हात जोडून रडू लागले, “पोरी, फिती मीच दूर दूर बांधल्या. माह्यामुळंच तू वाट चुकली. तुह्या बापाले, त्र्यंबकले मीच मारलं.”

तेरा दिवस सगळे त्यांनाच बोल लावत होते आणि मी ऐकून घेत होते.



“काका, मी वाट चुकलीच नव्हती. दम लागला, लाज वाटली, म्हणून कोणालेच न सांगता मी घरी येऊन झोपली होती.”